काचेच्या मागच्या बाजूनं

काचेच्या मागच्या बाजूनं चित्र काढायचं तर शेवटचं काम आधी करावं लागतं. डोळ्यातला पांढरा ठिपका, नथीतला मोती, साडीच्या काठावरची बुट्टी हे पहिल्यांदा. मग चेहऱ्याचा रंग, मग वस्त्र, आणि मागची भिंत किंवा आभाळ अगदी अखेरीस. एकदा गालांचा रंग बसला की डोळ्याला पुन्हा हात लावता येत नाही, तो रंगाच्या पलीकडे गेलेला असतो. सगळं वाळलं की काच उलटी करायची आणि डावं-उजवं बदललेलं चित्र बघायचं. ही रीत अठराव्या शतकात चीनकडून येणाऱ्या व्यापारी गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि सरदार-सावकारांच्या वाड्यांत पोचली. पुण्याच्या केळकर संग्रहालयात तशी काचचित्रं आजही पाहायला मिळतात. पुढे वाडे पडले, तसबिरी जुन्या बाजारात गेल्या आणि ही कला दृष्टीआड झाली.

चित्रकार नलिनी मलानी यांनी ती चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून शिकून घेतली. काचेच्या जागी पुढे पारदर्शक प्लॅस्टिक आलं, त्याची मोठाली नळकांडी झाली, ती छताला टांगून फिरू लागली, त्यांच्यातून प्रकाश गेला आणि आतली चित्रं सावल्या होऊन भिंतींवरून चालू लागली. कामाचा क्रम मात्र तोच राहिला. बारकावा आधी, पार्श्वभूमी नंतर. मला वाटतं, फाळणीकडे बघण्याचाही हाच क्रम खरा आहे. शाळेच्या पुस्तकात आधी पार्श्वभूमी येते: परिषदा, ठराव, माउंटबॅटन योजना, रॅडक्लिफची रेषा. उरलेल्या जागेत माणसं, तीही हजारा-लाखांच्या आकड्यांत. मलानींच्या कामात आधी एका बाईचा डोळा येतो. देश नंतर येतो, आणि तो त्या डोळ्याच्या मागे राहतो.

त्यांचा जन्म कराचीतला, १९४६ चा. दुसऱ्याच वर्षी घर सुटलं. कुटुंब आधी कलकत्त्याला गेलं, आणि १९५४ मध्ये मुंबईत, विस्थापित सिंध्यांसाठी उभारलेल्या एका वसाहतीत आलं. म्हणजे ज्या गोष्टीनं त्यांच्या चित्रांना आयुष्यभर विषय पुरवला, ती गोष्ट त्यांनी स्वतः पाहिलेली नाही. वर्ष-दीड वर्षाच्या मुलीला काय आठवणार? आठवण होती ती घरातल्या मोठ्या माणसांची, त्यांच्या बोलण्यातून, त्याहीपेक्षा न बोलण्यातून आलेली. अशी वारशानं मिळालेली आठवण फार चमत्कारिक असते. तिच्यात घटना नसतात, नुसता कल असतो. आई अमुक एका रस्त्यानं जाणं का टाळते, आजी कुलूप दोनदा का ओढून पाहते, एवढंच मुलाच्या हाती लागतं. त्या कलावरून मूळ घटनेपर्यंत उलटं चालत जायचं, हे काम मलानींनी अर्धशतकाहून अधिक काळ केलं आहे.

कराची म्हणजे आपल्याला आज परका देश वाटतो. पण १ एप्रिल १९३६ पर्यंत कराचीसह सगळा सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतल्या सगळ्यात जुन्या शाळांपैकी एक, १८५५ मध्ये सुरू झालेली, आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. मराठी कारकून, शिक्षक, रेल्वेतली माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. काही मराठी कुटुंबं तर आजही तिथं आहेत. फाळणीची गोष्ट निघाली की आपण ती पंजाबची आणि बंगालची म्हणून ऐकतो. ते प्रांत चिरले गेले, म्हणून त्यांची जखम नकाशावर दिसते. सिंध चिरला गेला नाही. तो अखंड पलीकडे गेला. त्यामुळे तिथल्या हिंदूंना स्वतःचा म्हणून अर्धा जिल्हाही उरला नाही, आणि नकाशावर बोट ठेवून दाखवायला रेषाही उरली नाही.

त्या सिंधी हिंदूंपैकी अनेक जण बोटींनी मुंबई बंदरात उतरले. युद्धकाळात सैन्यासाठी कल्याणजवळ उभारलेल्या बराकींमध्ये नव्वद हजारांहून अधिक माणसांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथं कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं तरी तोंडात ‘कल्याण कॅम्प’ राहिला. अजूनही रिक्षावाल्याला आपण ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतो.

माझं लहानपण कल्याणात गेलं. लग्नसराई आली की आमच्या घरातल्या बायका ‘कॅम्पात जाऊन येऊ’ म्हणत निघायच्या. कापड स्वस्त, पापड चांगले, दुकानदार गोड बोलणारे. एवढीच त्या गावाची आमच्याकडे नोंद होती. पुढे आमच्या आळीत एक सिंधी कुटुंब राहायला आलं. त्यांच्या घरातल्या आजींना सगळे अम्मा म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. अम्मा पलंगापेक्षा पत्र्याच्या एका ट्रंकेवर बसणं पसंत करायच्या. सिंधू नदीतला पल्ला मासा, घरातला मोठा झोपाळा, उन्हाळ्यात गच्चीवर निजणं, याबद्दल त्या भरभरून बोलायच्या. बोटीचा विषय निघाला की म्हणायच्या, ‘बोट होती, आली.’ त्यापुढे एक अक्षर नाही. आणि ‘त्यापुढे काय?’ असं कुणी विचारण्याची रीत आमच्या आळीत नव्हती. शेजाऱ्याचं दुःख उकरू नये, हा आमचा संस्कार. तो संस्कार दयाळूही होता आणि सोयीचाही.

मलानींचं ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे १९९८ चं काम. त्याविषयी वाचताना मला पहिल्यांदा दिसली ती अम्मांची ट्रंक. कारण त्या मांडणीत खरोखरच ट्रंका आहेत, पत्र्याच्या, बारा. प्रत्येकीत एक पडदा, आणि पडद्यावर घर सोडून निघालेली जगभरातली माणसं. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. फाळणीनंतर दोन देश वेड्यांचीही वाटणी करतात आणि बिशनसिंग नावाचा एक वेडा कुणाच्याच नसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर कोसळतो. मंटो स्वतः अनेक वर्षं मुंबईत राहिलेले. या शहरावर त्यांचा जीव होता, आणि १९४८ च्या सुरुवातीला ते लाहोरला निघून गेले. तेव्हा ही कथा पाकिस्तानात लिहिली गेली खरी, पण तिच्यामागचं तुटणं मुंबईतलंही आहे.

मलानींनी ती कथा हाती घेतली मे १९९८ मधल्या पोखरण चाचण्यांनंतर. दालनाच्या भिंतींवर अणुस्फोटाची चित्रं येतात. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका आहेत, एक इकडची, एक तिकडची. त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालायचा प्रयत्न करतात. साडीची घडी दोघींनी घालणं हे आपल्या घरांतलं रोजचं काम. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, ताणायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं. इथं त्या जवळ येऊ शकत नाहीत, कारण मधे दालन आहे. आणि दालनात बघणारा उभा आहे. साडी जिथून जायला हवी त्या जागी आपणच उभे आहोत, बिशनसिंगच्या जमिनीवर. हे काम त्यांनी दाखवलं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, जिथं सुटीच्या दिवशी गावाकडून आलेले पाहुणे, शाळेच्या सहली, कामगार, आया आणि मुलं असे सगळे जातात. मला या निवडीचं मोल फार मोठं वाटतं. ज्यांच्या घरांत तशा ट्रंका असतात ती माणसं गॅलरीची पायरी सहसा चढत नाहीत.

सामान्य माणसांच्या वाटेवर राहणं हे मलानींनी फार आधीपासून ठरवलेलं दिसतं. सर ज. जी. कला विद्यालयात १९६४ ते १९६९ त्या शिकल्या, त्याच काळात भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाची जागा मिळाली. चित्रकार, नर्तक, वादक, नाटकवाले असे सगळे तिथं एका छताखाली असत. त्यानंतर अकबर पदमसी यांच्या कार्यशाळेत त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा हाताळला आणि १९६९ मध्ये ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी रंगीत फिल्म केली. नव्या देशात सगळ्यांना नवी घरं मिळणार, या स्वप्नाची ती फिल्म. काही वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी तिच्या शेजारी दुसरी ठेवली, कृष्णधवल. एक तरुण बाई खिडकीतून मुंबईची झोपडवस्ती पाहते आहे. दोन्हींना मिळून नाव ‘युटोपिया’. घर हरवलेल्या कुटुंबातली मुलगी घराच्या स्वप्नाबद्दल काय म्हणते, ते या दोन पडद्यांमधल्या फटीत आहे.

मग लोहार चाळ. क्रॉफर्ड मार्केटजवळचा तो गजबजलेला घाऊक बाजार: वायरींची भेंडोळी, दिव्यांचे खोके, हातगाड्या, पाटीवाले, ‘बाजू, बाजू’ अशी हाळी देत धावणारे हमाल. मलानींचा स्टुडिओ तिथं वर्षानुवर्षं होता आणि रस्त्यावरची ही माणसं त्यांच्या चित्रांत शिरली. त्या गर्दीत कोण कुठून आलं आहे? कुणी साताऱ्याच्या डोंगरातून, कुणी मराठवाड्यातल्या दुष्काळातून, कुणी उत्तर प्रदेशातून. फाळणीनं आलेला दुकानदार आणि दुष्काळानं आलेला हमाल एकाच फळीवर समोरासमोर येतात. मुंबईच्या इतिहासात दुकानदाराचं नाव पाटीवर तरी सापडतं. हमालाचं तेवढंही नाही. मलानींच्या कागदांवर त्याची वाकलेली पाठ आहे, ओझ्याखालचा मानेचा कोन आहे. चित्रकाराला जे करता येतं ते इतकंच, आणि ते थोडं नाही.

१९९२ मध्ये केमोल्ड गॅलरीत त्यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम केलं. गॅलरीच्या भिंतींवरच चित्रं काढली. विकायला काही नाही, नेता येईल असं काही नाही. नाथद्वाऱ्यातल्या भित्तिचित्रांच्या हेळसांडीबद्दल त्यांना बोलायचं होतं. प्रदर्शन संपलं आणि भिंतींवर चुना फिरला. वर्षअखेरीस अयोध्येत मशीद पडली आणि मुंबई पेटली. तेव्हापासून मलानी भिंतीवर चित्र काढतात आणि पुसू देतात. अलीकडच्या प्रदर्शनांत संग्रहालयातली माणसंच शेवटच्या दिवशी ते पुसतात. चित्रकार स्वतःचं काम नाहीसं होऊ देते, याकडे काही लोक लहर म्हणून पाहतात. मला तसं वाटत नाही. ज्यांचं सगळं पुसलं गेलं त्यांची बाजू मांडताना आपलं चित्र तेवढं सोनेरी चौकटीत जपून ठेवायचं, ही विसंगती त्यांना मान्य नसावी. आणि पुसलेली भिंत बघितलेली माणसं उरतातच. त्यांनी सांगायचं, इथं चित्र होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येते. फाळणीत हजारो बायका पळवल्या गेल्या. सरकारी अंदाज असा होता की भारतात पन्नास हजार मुसलमान बायका आणि पाकिस्तानात तेहेतीस हजार हिंदू व शीख बायका आहेत. बहुतांश प्रकार पंजाबातले. दोन्ही सरकारांनी त्यांना शोधून परत पाठवायचं ठरवलं. १९४९ मध्ये आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटून परधर्मीयाच्या घरात आढळलेली मुसलमान बाई, वय काहीही असो, ‘अपहृत’ ठरे. तिची स्वतःची इच्छा विचारायची तरतूद त्या कायद्यात नव्हती. काही बायकांना तिथं मुलं झाली होती. काहींना परतायचं नव्हतं, कारण परतल्यावर घर दार उघडेल याची खात्री नव्हती. आणि अनेकींच्या बाबतीत ते उघडलं नाही. पळवणाऱ्यानं विचारलं नाही, सोडवणाऱ्यानंही विचारलं नाही. हा कायदा १९५७ पर्यंत चालला.

या बायकांविषयी आपल्याकडे पन्नास वर्षं जवळजवळ शांतता होती. मग १९९८ मध्ये उर्वशी बुटालिया यांचं पुस्तक आलं, रितू मेनन आणि कमला भसीन यांचंही त्याच वर्षी आलं. मलानींचं टोबा टेक सिंगही त्याच वर्षीचं. तिन्ही कामं बायकांनी केली, हा मला योगायोग वाटत नाही. पुढे गुजरातमध्ये २००२ च्या दंगलींत तेच पुन्हा झालं, बायकांच्या देहावर. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधाचा आधार घेऊन मलानींनी २००५ मध्ये ‘मदर इंडिया’ केलं, पाच पडद्यांवरचं. देशाला आई म्हणायचं आणि त्या आईच्या नावानं बायकांचं हे करायचं, हा प्रश्न त्यांनी व्हेनिसच्या प्रदर्शनात जगासमोर ठेवला.

त्यांचं सावल्यांचं एक काम पाहायला मी अंधाऱ्या दालनात गेले तेव्हा कशाचीही तयारी करून गेले नव्हते. वर नळकांडी फिरत होती. भिंतीवरून एक बाई सरकत होती, तिच्या मागून कुत्रा, मग कवटी, मग दोरीवर उड्या मारणारी मुलगी. सावल्या एकमेकींवर येत, एकमेकींतून जात. कशाकडेही नीट बघता येत नव्हतं, कारण बघेबघेतो ते पुढे गेलेलं असे आणि फिरून परत येई तेव्हा त्यावर दुसरंच काही पडलेलं असे. मी जागा बदलायला चार पावलं टाकली, आणि भिंतीवर आणखी एक सावली उमटली. ती माझी होती. ती त्या बाईच्या आणि मुलीच्या मधे जाऊन उभी राहिली. बाजूला झाले तर दुसऱ्या भिंतीवर गेली. त्या दालनात बाहेर राहून बघायची सोय नाही. भिंतीवर काय चाललं आहे ते पाहायचं तर त्यात सामील व्हावं लागतं.

जर्मनीतल्या कासेल इथल्या दॉक्युमेंटा प्रदर्शनात २०१२ साली गाजलेलं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ याच जातीचं काम. नाव फैज यांच्या कवितेच्या आगा शाहिद अली यांनी केलेल्या इंग्रजी रूपावरून घेतलेलं, आणि आत महाश्वेतादेवींची द्रौपदी आहे, ग्रीकांची कॅसँड्रा आहे. कॅसँड्राला भविष्य दिसतं आणि कुणी विश्वास ठेवत नाही. मलानींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: फार गर्दी करतात, ग्रीक पुराणकथेतली मिडिया, आपली सीता, बेकेट, मंटो, सगळं एकात आणतात, पाहणारा गोंधळतो. आक्षेप अगदी खोटा नाही. काही कामांत संदर्भांचा भार प्रतिमेला जड होतो, असं मलाही वाटतं. पण सीतेला मिडियाच्या शेजारी बसवण्यात मात्र त्या नेमकं काही सांगतात. दोघी घर सोडून परक्या मुलखात आलेल्या, दोघींना टाकलेलं, दोघींची गोष्ट इतरांनी लिहिलेली. आपल्या मावळातल्या बायकांनी जात्यावर हीच सीता गायली आहे. त्यांना तिचा सिंहासनावरचा राम फारसा आठवत नाही, तिचा वनवास आठवतो.

जात्यावरच्या त्या ओव्या आज आपल्याकडे आहेत, कारण हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन त्या ऐकल्या, उतरवल्या, ध्वनिमुद्रित केल्या. लाखाहून अधिक ओव्या. कुणी ऐकणारं येईपर्यंत त्या बायकांनाही ठाऊक नव्हतं की आपण जे दळताना म्हणतो त्यात इतिहास आहे. महाराष्ट्रात हे एकदा झालेलं आहे, म्हणून पुन्हा होऊ शकतं असं मी म्हणते.

मलानींना फुकुओका पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांचं काम घेतलं. ते सगळं योग्यच झालं. परंतु त्यांच्या सावल्यांत ज्या बायका फिरतात त्यांच्या बरोबरीच्या बायका आपल्या शेजारी आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी दालन उघडलेलं नाही. १९४७ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. अम्मा गेल्या. त्यांच्या ट्रंकेत काय होतं, हे त्यांच्या सुनेलाही सांगता आलं नाही.

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. उल्हासनगर, चेंबूर, पुण्याजवळची पिंपरी, कोल्हापूरशेजारचं गांधीनगर, नागपूरचा जरीपटका, जिथं कुठं आपलं जाणं-येणं असेल तिथं अशा एखाद्या आजी असतील. त्यांच्याकडे जा. आधी त्यांची परवानगी घ्या, नंतर घरच्यांची. फाळणीबद्दल विचारू नका. बोटीवर शेजारी कोण बसलं होतं ते विचारा, बराकीत चूल कुठं मांडली ते विचारा, लग्नात म्हणायचे ते लाडे अजून आठवतात का ते विचारा. त्या सिंधीत बोलल्या तर सिंधीतच मुद्रित करा, अर्थ नंतर लावता येईल. गप्प बसल्या तर थोडा वेळ बसून राहा आणि पुन्हा कधी येऊ ते ठरवूनच उठा. आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नका.